विहिरीवरचा हिशेब

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला 'कार्यक्षमता' हा भाग मी गेली बावीस वर्षे शिकवतो आहे. फळ्यावर एक चौकोन काढायचा, आत शिरणारा एक बाण, बाहेर पडणारे दोन बाण. एकावर लिहायचे 'उपयोगी कार्य', दुसऱ्यावर 'वाया गेलेली ऊर्जा'. मग भागाकार करून शंभराने गुणायचे. मुले लिहून घेतात, परीक्षेत तसेच उतरवतात, मी गुण देतो आणि सगळ्यांचे समाधान होते. मात्र आमच्या स्वतःच्या विहिरीवरच्या मोटरीची कार्यक्षमता किती, हे काढून पाहावे असे या बावीस वर्षांत मला एकदाही वाटले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हा अंधार दाखवला तो मागच्या बाकावरच्या एका मुलीने. तास संपता संपता तिने विचारले, "सर, आमच्या मळ्यातल्या मोटरीची किती असंल?" मी पुस्तकी उत्तर दिले, "साठ-सत्तर टक्के असेल." ती म्हणाली, "मोजलंय कुणी?" वर्ग हसला, मीही हसलो. पण एस.टी.त बसून गावी जाताना तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

आमचे गाव निपाणीपासून दोन कोसांवर, वेदगंगेच्या अंगाला. माझ्या लहानपणी या काळ्या रानात तंबाखू आणि जोंधळा होता. आता जिकडे पाहावे तिकडे ऊस आहे. तंबाखू पावसावर आणि दवावर येते, उसाला मात्र बारा महिने पाणी लागते. म्हणजे ऊस वाढला तशा मोटरी वाढल्या. आमची विहीर आजोबांच्या वेळची, दोन घरांत सामाईक. आमचे एक घर, चुलतभाऊ आबांचे दुसरे. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. आधी मोट होती, मग तेलाचे इंजिन आले आणि १९७८ साली आप्पांनी विजेची मोटर बसवली. त्या दिवशी गावभर पेढे वाटले होते एवढे मला आठवते.

आमच्याकडे वीज आली की आधी माणसाचा आवाज येतो. वरच्या वस्तीवरून कुणीतरी ओरडतो, "करंट बंतु!" आणि मराठी काय, कानडी काय, सगळे मळ्याकडे पळतात. सीमाभागात ज्या दोन शब्दांवर कधीच वाद झाला नाही, ते हेच असावेत.

त्या शनिवारी मी मळ्यात गेलो तो दोनशे लिटरचे एक पिंप, मनगटी घड्याळ आणि वही घेऊन. शेतीपंपाला आमच्याकडे मीटर नाही. म्हणून ओळखीच्या वायरमनकडे जुना थ्री-फेज मीटर मागितला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मीटर याक बेक्री सर?" बिल येत नसताना मीटर कशाला हवा, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. पण त्याने मीटर दिला, स्वतः येऊन जोडूनही दिला.

थोरला भाऊ, दादा, बांधावर बसून हा सगळा खेळ बघत होता. म्हणाला, "कॉलेजात काम नाही वाटतं तुला? लाइट फुकट, पाणी देवाचं. मोजतोस काय त्यात?"

मी मोजले. पिंप भरायला चाळीस सेकंद लागले. तीनदा भरले, तीनदा चाळीसच्या आसपास. म्हणजे तासाला १८,००० लिटर. तासाभरात मीटर पुढे सरकला ३.९ युनिट. विहिरीतल्या पाण्यापासून पाटाच्या तोंडापर्यंतची उंची दोरीने मोजली, ती भरली २० मीटर. आता हिशेब सोपा होता. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. एवढ्या ऊर्जेत, काहीही वाया न जाता, २० मीटर उंचीवर सुमारे १८,३०० लिटर पाणी चढायला हवे. आमच्याकडे एका युनिटात चढत होते ४,६०० लिटर. कार्यक्षमता पंचवीस टक्के. चार आण्यांचे काम आणि बारा आणे पाण्यात, तेही आमच्या पिकाच्या पाण्यात नव्हे.

हे बारा आणे जातात कुठे? मी दादाला सोबत घेऊनच पाहणी केली. पहिला चोर सापडला विहिरीच्या तळाशी. फूटव्हॉल्व्हची भोके गाळाने आणि शेवाळाने अर्धी बुजलेली. माणसाने नाक चिमटीत धरून श्वास घ्यावा तशी मोटर पाणी ओढत होती. दुसरा चोर म्हणजे लोखंडी पाइप. पंचवीस वर्षांचा, आतून गंजून खरबरीत झालेला आणि मुळातच अरुंद. पाइप अरुंद असला की त्यातून तेवढेच पाणी न्यायला वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की घर्षणाचा तोटा जवळजवळ चौपट होतो. हे मी दरवर्षी शिकवतो. तिसरा चोर म्हणजे काटकोनातली तीन वळणे. बैलगाडीसुद्धा काटकोनात वळत नाही, पाणी कसे वळावे? आणि चौथा चोर खुद्द मोटर. ती आजवर चार वेळा जळाली होती. दर वेळी घाईघाईने तार गुंडाळून घ्यायची, कारण उभा ऊस वाट बघत नाही. घाईच्या रिवाइंडिंगमध्ये जुनी तार काढताना जाळतात, त्यात आतला लोखंडी गाभा बिघडतो, आणि दर वेळी मोटर थोडी अधिक तापट होऊन परत येते. दाब कमी असतो म्हणून कारागीर जाड तार घालून देतो. मोटर चालते, पण वीज जास्त खाते. आमच्या मोटरीने चार पुनर्जन्म घेतले होते आणि प्रत्येक जन्मी तिची भूक वाढली होती.

मग मी वाचनालयात बसलो. तेव्हा कळले की, ज्याला मी आमच्या घरचे गुपित समजत होतो तो देशभराचा जुना आजार आहे, आणि त्यावरचा इलाज एकदा आमच्याच अंगणात करून झाला आहे. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी २००९ साली स्थापन केलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या संस्थेने हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीबरोबर निपाणी आणि ब्याडगी या भागांत मिळून ५९० जुने शेतीपंप काढून तारांकित कार्यक्षम पंप बसवले. त्यातून सुमारे ३७ टक्के वीज वाचल्याची सरकारी नोंद आहे. त्याआधी महाराष्ट्रात मंगळवेढ्याला असेच २,२०९ पंप बदलले गेले. ब्याडगी म्हटले की आम्हांला मिरची आठवते आणि निपाणी म्हटले की तंबाखू. विजेच्या बचतीच्या नकाशावर ही दोन नावे शेजारी-शेजारी आहेत हे मला बी.एस्सी.ला शिकवूनही ठाऊक नव्हते.

आता विद्यार्थिमित्र विचारतील, एवढी बचत होते तर सगळे आपणहून पंप का बदलत नाहीत? याचे उत्तर दादाने बांधावर बसूनच दिले होते. लाइट फुकट. कर्नाटकात २००८ पासून १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. माझी सासुरवाडी कागल तालुक्यातली, म्हणजे ओढा ओलांडला की महाराष्ट्र. तिकडे मेहुण्यांना कित्येक वर्षे बिल येत असे, आणि बिल थकले की गावात सभा होई. एप्रिल २०२४ पासून तिकडेही साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत झाली. आता ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच. पण खरे सांगायचे तर बिल येत होते तेव्हाही मेहुण्यांचा फूटव्हॉल्व्ह आमच्याइतकाच बुजलेला होता.

फुकट विजेला नावे ठेवणे शहरात बसून सोपे असते. उसाचा, तंबाखूचा भाव शेतकरी ठरवत नाही, हे निपाणीला कुणी सांगायला नको. १९८१ सालचे तंबाखूचे आंदोलन इथे घराघरात आठवते. विजेचे बिल माफ होणे हा त्या न मिळालेल्या भावाचा एक तुकडा आहे, असे दादा मानतो आणि मला ते खोडता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की, शेतकऱ्याला वीज फुकट असली तरी वीज फुकट तयार होत नाही. तिचे पैसे सरकार आपल्या खजिन्यातून कंपनीला देते. रायचूरच्या औष्णिक केंद्रात एका युनिटासाठी साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि तिथून आमच्या विहिरीपर्यंत येताना तारांत काही युनिटे वाटेतच विरतात. शिवाय मीटर नसल्याने कुठल्या पंपाने किती वीज खाल्ली हे अंदाजाने मांडावे लागते. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून याच अंदाजांमागे लागले होते. मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर गळती आणि चोरीही खपून जाऊ शकते, आणि बदनाम मात्र शेतकरी होतो.

घरातल्या विजेचेही तेच. २०२३ साली कर्नाटकात गृहज्योती योजना आली. महिना २०० युनिटांपर्यंत मोफत, पण प्रत्येक घराची मर्यादा सुरुवातीला ठरली ती २०२२-२३ मधल्या त्याच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून. म्हणजे ज्याने आधीपासून एलईडी दिवे लावून काटकसर केली त्याच्या पदरात कमी, आणि ज्याच्या घरी दिवसाही दिवे जळत होते त्याच्या पदरात जास्त. वाचवलेल्या युनिटाला धनी नाही, ही खरी अडचण आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९९१ साली सहकाऱ्यांसह कर्नाटकाच्या विजेचा एक वेगळा आराखडा मांडला होता. मागणी वाढतच जाणार असे धरून धरणे आणि केंद्रे किती बांधायची हे काढण्याऐवजी त्यांनी उलट टोकाने सुरुवात केली. माणसाला वीज नको असते, त्याला उजेड हवा असतो, पाणी हवे असते, दळण हवे असते. तेवढेच पाणी कमी विजेत चढवता आले तर ती वाचलेली वीज नव्या केंद्राइतकीच खरी. हे वाचले आणि मला वाटले, आता दादाला पटवायचे सोपे झाले.

सोपे झाले नाही. कोळसा, खजिना, अमूल्य रेड्डी हे सगळे ऐकून दादाने तंबाखू मळली आणि म्हणाला, "मग माझं काय त्यात?" त्या रात्री मी हिशेब उलटा मांडला. आम्हांला वीज मिळते ती दिवसाचे सात तास. दादाला युनिटांची टंचाई नव्हती, तासांची होती. सकाळी म्हणालो, "दादा, त्याच सात तासांत दीडपट पाणी निघालं तर?" दादा तंबाखू थुंकून उभा राहिला. "आधी का नाही सांगितलंस मर्दा!"

पहिल्यांदा फूटव्हॉल्व्ह, पाइप आणि वळणे बदलली. लोखंडी काढून रुंद पी.व्ही.सी. घातला, काटकोनाच्या जागी लांब बाकाची वळणे. पिंप बत्तीस सेकंदांत भरू लागले. पुढे पाच तारांची नवी मोटर घेतली, अर्धे पैसे माझे. आता पिंप भरायला लागले पंचवीस सेकंद आणि तासाला मीटर सरकला साडेतीन युनिट. एका युनिटात ८,२०० लिटर, कार्यक्षमता पंचेचाळीस टक्के. मी वर्गात फळ्यावर हे आकडे लिहिले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची ती मुलगी मात्र वहीत काहीतरी मांडत बसली होती.

टाळ्यांचा आवाज एप्रिलपर्यंत टिकला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आबांचा निरोप आला, "गावाकडं ये." गेलो तर विहिरीवर दोन्ही घरे उभी. आबांची पाळी सुरू होऊन तास झाला नव्हता आणि त्यांची मोटर हवा ओढत होती. पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेलेले. त्यांच्या खोडव्याची पाने दुपारी वळत होती. आबा मला कधी मोठ्याने बोललेले नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबा, तुझं शास्त्र चांगलं हाय. पण आमचं पाणी तुमच्या उसात गेलं की रं."

दादा तावातावाने म्हणत होता, आम्ही आमच्याच चार दिवसांत उपसा केला, एक मिनिट जास्त घेतले नाही. तेही खरे होते. मी वहीवर आकडे मांडले आणि माझे मलाच लाज वाटू लागली. जुनी मोटर सात तासांत १ लाख २६ हजार लिटर काढी आणि सुमारे २७ युनिटे खाई. नवी मोटर सात तासांत २ लाख लिटर काढत होती आणि साडेचोवीस युनिटे खात होती. दादाने त्या पाण्यावर अर्धा एकर ऊस वाढवला होता. म्हणजे एवढ्या खटाटोपात रोजची वीज वाचली तीन युनिटांनाही कमी, आणि विहिरीतून रोज पाऊण लाख लिटर पाणी जास्त गेले. तेच जुने सव्वा लाख लिटर घेऊन मोटर साडेचार तासांत बंद केली असती तर बारा युनिटे वाचली असती. यंत्राने बचत आमच्या हातात दिली होती. आम्ही ती उसाला पाजली.

वाद वाढला असता. आबांनीही मोठी मोटर बसवली असती, आम्ही त्याहून मोठी, आणि तळ गाठल्यावर दोघेही बोअर मारायला निघालो असतो. आसपासच्या गावांत हेच झाले आहे. तो थांबवला आईने. ती आमच्यामागून हळूहळू चालत आली होती. म्हणाली, "तासावर पाळी कवापासनं आली रं? तुझं आप्पा मोटा मोजत हुते. धावंच्या कडंला खडं मांडून." मग मला आठवले. थारोळ्याजवळ चपट्या खड्यांची एक रांग असे. मोट रिकामी झाली की आप्पा एक खडा इकडून तिकडे सरकवत. मी तो पोरखेळ समजून खडे विस्कटत असे आणि मार खात असे. मोटेच्या दिवसांत वाटणी पाण्याची होती. इंजिन आले, मग वीज आली, आणि कुणाच्या लक्षात न येता पाण्याची वाटणी तासांची झाली. दोन्ही मोटरी सारख्याच वाईट होत्या तोवर ते खपून गेले.

आबांची मुलगी यंदा आमच्याच कॉलेजात आहे. ती म्हणाली, "काका, पाळी तासांची कशाला? पिंपांची धरा की." आणि तिने तिथेच हिशेब घातला. आमची मोटर साडेचार तास, आबांची जुनी मोटर सात तास, म्हणजे दोघांचे पाणी सारखे. आबांनी मोटर बदलली की त्यांचेही तास त्या प्रमाणात कमी. दादा बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्टार्टरच्या पेटीतला ऑटो स्विच स्वतःच्या हाताने काढला. वीज आली की आपोआप मोटर सुरू करणारा आणि मालक झोपलेला असला तरी पाणी वाहू देणारा हा डबा आमच्याकडे मळोमळी आहे.

सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. वाढवलेल्या अर्ध्या एकरातला ऊस त्या वर्षी अर्धा वाळला, आणि ते नुकसान दादा अजून माझ्या नावावर मांडतो. मे महिन्यात एकदा साडेचार तासांचे साडेपाच झाले, आबांच्या मुलीने ते पकडले आणि दोन दिवस बोलणे बंद होते. पण पुढच्या उन्हाळ्यात विहीर दोन्ही घरांना पुरली. दादाने त्या अर्ध्या एकरात ऊस न लावता हरभरा केला. आबांनी मोटर बदलली नाही, फक्त फूटव्हॉल्व्ह आणि पाइप बदलला, आणि तेवढ्यावरच त्यांची पाळी सातावरून पावणेसहा तासांवर आली.

तेव्हापासून फळ्यावरच्या चौकोनातून बाहेर पडणारे दोन बाण काढले की मी तिसऱ्यासाठी थोडी जागा सोडतो. 'वाचलेली ऊर्जा कुणाकडे गेली?' असा प्रश्न तिथे लिहितो. अभ्यासक्रमात तो नाही आणि परीक्षेत येणार नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकतो.

येत्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण गावी जाल. एक पिंप, एक घड्याळ, एक दोरी आणि मिळाला तर जुना मीटर, एवढे साहित्य पुरते. मीटर जोडायला मात्र जाणकार वायरमन बोलवा, ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावू नका. आकडे आणाल तर भौतिकशास्त्र विभागात एक वही उघडून ठेवली आहे. मराठीत लिहा, कानडीत लिहा, पिंप दोन्ही भाषांत दोनशे लिटरचेच भरते. पहिल्या पानावर आमच्या विहिरीचा हिशेब आहे, आणि दुसऱ्या पानावर मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा. तिच्या मळ्यातली मोटर निघाली बावीस टक्क्यांची.